आशीर्वादाखालचा सूर

माझ्या भावोजींना प्रार्थना येत नाही. म्हणजे डोळे मिटून बसणं येतं, मान खाली घालणं येतं, शेवटी 'आमेन' म्हणणंही वेळेवर येतं. मधला भाग येत नाही. ताईशी त्यांचं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्या वडिलांनी त्यांना जेवणाआधी प्रार्थना करायला सांगितली. ती परीक्षाच होती. आधीच्या एका स्थळाला वडिलांनी याच परीक्षेत नापास केलं होतं, कारण त्याने प्रार्थनेत स्वतःच्या बढतीचा विषय काढला होता. भावोजींनी मान खाली घातली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग टेबलाखालून कुठूनतरी यावा तसा एक खोल सूर निघाला. शब्द नाहीत, चाल नाही, एकच सूर. तो चालू राहिला. काचेचे पेले बारीक थरथरले. मग तो थांबला आणि भावोजी म्हणाले, "आमेन."

वडील थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "चालेल."

मी तेव्हा शाळेत होते. हसू दाबताना माझ्या नाकात पाणी गेलं आणि मला टेबलावरून उठवण्यात आलं. तेव्हापासून भावोजी मला घाबरतात असं ते सांगतात. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसते आणि तिथल्याच चॅपलच्या क्वायरमध्ये मधल्या पट्टीच्या बायकांत गाते. भावोजी त्याच क्वायरमध्ये खर्जात गातात. त्यामुळे भावोजींचं आयुष्य मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे, घरातून आणि गाताना समोरून.

भावोजी विद्यापीठात काच फुंकतात. रसायनशास्त्राच्या तळघरात त्यांची खोली आहे. एक लांब टेबल, त्यावर निळ्या ज्योतीचा बर्नर, भिंतीला उभ्या केलेल्या काचेच्या नळ्या आणि 'विचारल्याशिवाय हात लावू नये' अशी पाटी. पाटीखाली हात लावणाऱ्यांनी फोडलेल्या वस्तूंचे तुकडे त्यांनी डब्यात ठेवले आहेत, नमुन्यादाखल. वर तीन मजल्यांवर लोक काहीबाही शोधत असतात. ते सापडो न सापडो, शोधताना काच मात्र हमखास फुटते आणि तुकडे घेऊन कोणीतरी जिना उतरून येतं. भावोजी तुकडे पाहतात, मग आणणाऱ्याकडे पाहतात. परवा या, एवढंच म्हणतात.

लोकांना वाटतं काच फुंकायला छातीत जोर लागतो. भावोजी म्हणतात, जोर दाखवला तर काच फुगा होऊन फुटते. धीर लागतो. नळीत इतका बारीक आणि इतका सारखा श्वास सोडायचा की काचेला आपण फुगतोय हे कळूच नये. हे काम करून करून त्यांचा श्वास इतका लांब झाला की क्वायरमध्ये त्यांना 'भाता' म्हणत. तोंडावरच म्हणत. त्यांना ते आवडायचं, पण आवडल्याचं त्यांनी कधी दाखवलं नाही.

आता चॅपलची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

फार पूर्वी आमच्या ऑर्गनची एक जाड नळी अडकली होती. उपासनेच्या शेवटी वाजवणाऱ्याने हात उचलले तरी तो एक खालचा सूर बंदच होईना. पाळकसाहेबांनी त्यावरच हात वर करून आशीर्वाद दिला. दुसरं करणार काय? पुढच्या रविवारीही तेच. मग दुरुस्तीवाला आला, त्याने नळी बरी केली, आणि रविवारी आशीर्वाद कोरडा झाला. मंडळीने तक्रार केली. सूर नसला की आशीर्वाद म्हणजे नुसती सूचना वाटते, असं कोणीतरी लेखी कळवलं. बिघडलेली नळी पुन्हा बिघडवून द्यायला दुरुस्तीवाला तयार नव्हता. म्हणून ठरलं, की ऑर्गन थांबला की क्वायरमधल्या खर्जातल्या पुरुषांनी तो सूर धरायचा आणि पाळकसाहेबांचा आशीर्वाद संपेपर्यंत सोडायचा नाही. एका बिघाडाची अशी परंपरा झाली. विद्यापीठात हे नवीन नाही.

त्यात आमचे आत्ताचे पाळकसाहेब आशीर्वादाच्या बाबतीत सढळ हाताचे. आधी फक्त उपस्थितांना आशीर्वाद असायचा. मग प्रवासात असलेले आले, आजारी आले, परीक्षा देणारे आले, परीक्षा घेणारे आले, मग विभागवार सुरू झालं. एवढा वेळ एका श्वासात कोणालाच सूर धरता येत नाही. त्यासाठी क्वायरच्या जुन्या मास्तरांनी नियम घालून दिला होता. श्वास चोरायचा, पण सगळ्यांनी एकाच जागी नाही. आपला दम संपत आला की शेजाऱ्याला हळूच कोपर लावायचं. कोपर लागलं की शेजाऱ्याने, जीव गेला तरी, तग धरायचा. तेवढ्यात आपण श्वास घेऊन परत यायचं. ऐकणाऱ्याला वाटतं सूर एकच आहे आणि तो कधी तुटलाच नाही.

नियम चांगला होता. पण खर्जात भावोजी आले आणि नियमाची गरजच उरली नाही. ते मधे उभे राहायचे आणि आशीर्वाद पहिल्यापासून शेवटपर्यंत ओढायचे. श्वास ते घेतच असतील, माणूस आहेत, पण नाकातून, इतक्या बेमालूम की कोणाला कधी दिसला नाही. त्यांनी कोणाला कधी कोपर लावलं नाही. बाकीचे मग सोकावले. बाकीचे म्हणजे कायद्याचे प्राध्यापक, ज्यांना आम्ही 'कलमसाहेब' म्हणतो, विद्यापीठाच्या छापखान्याचे फोरमन, आणि दर वर्षी नवा येणारा एक विद्यार्थी, ज्याचा चेहरा लक्षात राहीपर्यंत त्याला पदवी मिळते. हे तिघे पाळकसाहेबांचं वाक्य संपलं की आरामात, एकदम, मिळून श्वास घ्यायचे. जाड भिंतीला टेकून उभं राहावं तसे ते भावोजींच्या सुराला टेकून उभे असायचे.

पहिल्यांदा ताईच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "अगं, हे हल्ली जिन्यात थांबतात. विचारलं तर म्हणतात, बूट बघतोय."

"बुटाला काय झालंय?"

"काही नाही. रोज बघतात."

मग तळघरात एक दिवस कोणाच्यातरी उपकरणाचं वेटोळं वाकडं आलं. बाहेरच्याला कळलं नसतं. भावोजींनी ते स्वतःच्या हाताने फोडलं आणि डब्यात टाकलं. हात लावणाऱ्यांच्या तुकड्यांत त्यांचा स्वतःचा तुकडा पहिल्यांदाच पडला. हे त्यांनी ताईला जेवताना सहज सांगितलं आणि ताईने दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. मला सोबत घेतलं, कारण भावोजी डॉक्टरांसमोर मूग गिळून बसतात आणि ताई डॉक्टरांना बोलू देत नाही. मधलं कोणीतरी लागतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक नळी पुढे केली आणि सांगितलं, "आजोबा, यात जोरात फुंका."

आयुष्य फुंकण्यात घालवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. भावोजींनी नळी हातात घेतली, उजेडाकडे धरली, उलटी करून पाहिली.

"प्लास्टिक आहे," ते म्हणाले.

"हो. फुंका."

"जोरात फुंकायचं नसतं."

"इथं जोरातच फुंकायचं असतं."

भावोजींनी फुंकलं. यंत्राने कागदावर एक रेघ काढली. ती वर जायला निघाली आणि विचार बदलल्यासारखी खाली आली. डॉक्टरांनी पुन्हा फुंकायला लावलं, मग पुन्हा. मग ते खुर्ची ओढून जवळ बसले आणि आजोबा म्हणायचे थांबले. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, असं त्यांनी सांगितलं. बरी होणार नाहीत, सांभाळता येतील. चालणं, फिरणं, घरकाम सगळं करा. काच फुंकणं बंद.

"आणि गाणं?" ताईने विचारलं.

"गा की. पण दम लागेपर्यंत ओढायचं नाही."

भावोजी म्हणाले, "दम लागेपर्यंत ओढणं हेच माझं काम आहे."

ताई औषधं आणायला गेली तेव्हा आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. भावोजी बुटाकडे बघत होते. मग ते बोलू लागले. एका दमात इतकी वाक्यं ते माझ्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते.

"काच सुटली तर सुटली. फुंकायला दुसरा येईल. पण तुझं बरं आहे, तुला शब्द सुचतात. तुझी ताई तर दिवसभर देवाशी बोलते, त्याला मधे बोलूसुद्धा देत नाही. मला काही सुचत नाही. डोळे मिटले की डोकं रिकामं. तो सूर धरतो ना, तेव्हा मला वाटतं, आता ऐकलं जातंय. तोही गेला तर मी कशाने बोलू?"

  मला फार वाईट वाटलं. मी त्यांना म्हटलं, क्वायरमध्ये सांगून टाका, म्हणजे बाकीचे सांभाळून घेतील. ते नाही म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं जुनं धोरण. मला वाटलं, धीराच्या माणसाला आणखी काय शिकवायचं.

आणि मग तो रविवार आला.

उपासना ठीक चालली होती. शेवटचं गीत झालं, ऑर्गन थांबला, खर्जवाल्यांनी सूर धरला, पाळकसाहेबांनी हात वर केले. मंडळीने माना खाली घातल्या. प्रवासी झाले, आजारी झाले, परीक्षा देणारे झाले. मी समोरच्या रांगेतून भावोजींकडे पाहत होते. त्यांचा चेहरा आधी तांबडा होता, मग राखाडी झाला. त्यांनी कोणाला कोपर लावलं नाही. सवयच नव्हती. आणि पाळकसाहेबांचं वाक्य संपल्याबरोबर कलमसाहेब, फोरमन आणि विद्यार्थी या तिघांनी नेहमीप्रमाणे निवांतपणे, मिळून श्वास घेतला. त्याच क्षणी भावोजींचा दम संपला.

सूर तुटला. चॅपलमध्ये खड्डा पडला.

पाळकसाहेब पुढचा शब्द विसरले. हात वरच राहिले. तेवढ्यात पहिल्या रांगेतले कुलसचिव, ज्यांना कमी ऐकू येतं पण शांतता बरोबर ऐकू येते, खणखणीत आवाजात "आमेन" म्हणाले. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं आणि लोक उठून बाहेर पडू लागले. त्या रविवारी विद्यापीठ अर्ध्या आशीर्वादावर घरी गेलं. परीक्षा देणारे आशीर्वादात बसले, परीक्षा घेणारे बाहेर राहिले.

झगे ठेवण्याच्या खोलीत कोणी कोणाकडे बघेना. क्वायर चालवणाऱ्या संगीत विभागातल्या बाई विद्यापीठात नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, काय झालं? फोरमन झग्याची बटणं काढत म्हणाले, "काय होणार. भरवशाच्या म्हशीला टोणगा."

मी म्हटलं, "म्हशीचं राहू द्या. तुम्ही तिघं त्या वेळी काय करत होतात?"

"श्वास घेत होतो."

"तिघंही?"

फोरमननी कलमसाहेबांकडे पाहिलं. कलमसाहेब कायद्याचे असल्यामुळे वकिलाशिवाय बोलले नाहीत.

भावोजी म्हणाले, "चूक माझी आहे." त्यांनी झगा काढला, नीट घडी केली, खुंटीला न लावता बाईंच्या हातात दिला आणि गेले. मी तिघांना आणखी बरंच काही बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही आणि चॅपलमध्ये बोलण्यासारखंही नव्हतं.

पुढच्या रविवारी भावोजी ताईशेजारी बाकावर बसले. इतक्या वर्षांच्या संसारात उपासनेला ते पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसत होते, कारण ते नेहमी वर क्वायरमध्ये असायचे. यामुळे त्यांना एक गोष्ट नव्याने कळली. माझी ताई बेसूर आहे. थोडीथोडकी नाही. ती मनापासून, आनंदाने आणि चालीच्या एक घर शेजारून गाते. लहानपणी शाळेच्या बाईंनी तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. ताईने ते ऐकलं नाही, फक्त घरात गाणं सोडलं. चॅपलमध्ये इतक्या आवाजांत आपला खपून जातो असा तिचा समज होता. पहिल्या गीताला भावोजींनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि परत समोर पाहिलं. पदरी पडलं पवित्र झालं. ते स्वतः मात्र गायले नाहीत. पुस्तक उघडून धरत, बस.

घरातही बंद. त्यांच्याकडे जेवणाआधीची रीत अशी, की ताई शब्दांनी प्रार्थना करते आणि भावोजी खालून तो एक सूर धरतात. लग्नापासूनची रीत. आता ते नुसते मान खाली घालून बसायचे. मी एकदा जेवायला गेले होते. ताईने प्रार्थना सुरू केली, दोन वाक्यं म्हणाली आणि "आमेन" करून भांड्याचं झाकण उघडलं. जिच्या प्रार्थनेत अन्न थंड व्हायचं, ती.

स्वयंपाकघरात मी तिला विचारलं, "हे काय, संपली?"

ती भांडी विसळत म्हणाली, "खाली काही नसलं की बोलवत नाही गं. पायरी चुकल्यासारखं होतं." मग ती रडली. पाणी चालू ठेवून रडली, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही.

चॅपलमध्येही तेच होत होतं. भावोजींशिवाय खर्जवाल्यांचा सूर दर वाक्याला तुटायचा आणि पाळकसाहेबांचा आशीर्वाद आखडत आखडत उपस्थितांपर्यंत आला. पूर्वी लोक लांबतो म्हणून कुरकुरत. आता आटोपता घेतात म्हणून कुरकुरायला लागले. ज्यांना वगळलं त्या विभागांना विशेष लागलं.

बाईंनी एक उपाय केला. कुठल्यातरी जुन्या उपासनेचं ध्वनिमुद्रण काढून त्यातला भावोजींचा सूर वेगळा करून घेतला आणि आशीर्वादाच्या वेळी तो स्पीकरवर लावला. हेतू चांगला होता. सूर आला, तोच, खोल, न तुटणारा. भावोजी बाकावर बसून स्वतःला ऐकत होते. बाहेर पडल्यावर मी विचारलं, कसं वाटलं?

"सूर बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तो काही मागत नाहीये." थोडं चालल्यावर थांबून, बुटाकडे बघत ते म्हणाले, "मी तो धरला त्या दिवशी मागत होतो. काय ते आठवत नाही."

हे मी ताईला सांगितलं.  त्या आठवड्यात क्वायरचा सराव चालू असताना दार उघडून ती आत आली. सरावाच्या खोलीत ती कधी आली नव्हती. तिथं आपल्याला मज्जाव आहे असं ती शाळेपासून समजत होती. ती सरळ खर्जवाल्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"मला गाण्यातलं कळत नाही," ती म्हणाली. "गाढवाला गुळाची चव काय, तसं समजा. मला एवढंच विचारायचंय. इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांनी त्यांच्या जिवावर श्वास घेतला. आता त्यांना घ्यायचा झाला तर कुठं घ्यायचा, ती जागा दाखवा. मग मी जाते."

कोणी जागा दाखवली नाही. ताई वाट पाहत उभी राहिली. शेवटी बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि ताईला बसायला खुर्ची दिली. त्या दिवसापासून खर्जवाल्यांचा वेगळा सराव सुरू झाला. नाकी नऊ आले त्यांच्या. जुना कोपराचा नियम कलमसाहेबांना ठाऊक होता, पण वापर नसल्यामुळे रद्द झाला असं ते समजत होते. फोरमन कोपर इतकं जोरात लावत की विद्यार्थ्याचा सूर तुटायचा. विद्यार्थ्याला मोठ्या माणसांना कोपर लावायचा संकोच वाटे, त्यामुळे तो सांगायच्या ऐवजी गुदमरायचा. बाई पुन्हा पुन्हा म्हणत, "जो घेतो त्याने सांगायचं. ज्याला सांगितलं त्याने धरायचं. यात लाजायचं काय?" ते तिघं हळूहळू शिकले.

मग कलमसाहेब भावोजींच्या घरी गेले. मी तिथं होतेच. त्यांनी उभ्यानेच सुरुवात केली.

"त्या रविवारचा दोष आमचा आहे. सामाईक."

"नाही, माझा," भावोजी म्हणाले.

"तुमचा दोष सिद्ध होत नाही. तुम्ही धरलेलं होतं. सोडलं आम्ही, तेही सवयीने."

"शेवटी मीही सोडलं."

"माणूस सोडणारच. म्हणून तर चार जण ठेवलेत."

 ताईने चहा आणला. कलमसाहेब बसले आणि साध्या आवाजात म्हणाले, "परत या हो. तुमच्याइतकं धरा असं नाही म्हणत. जमेल तितकं."

भावोजी बराच वेळ कप फिरवत राहिले. "मला कोपर लावता येत नाही," ते म्हणाले. "कधी लावलं नाही कोणाला."

"शिकाल. आम्ही शिकलो म्हणजे बघा."

ते परत आले, पण अर्धेच आले. झगा घातला, उंच स्टुलावर बसले, बाकीची गीतं हळू गायले. आशीर्वादाच्या वेळी मात्र सराव करायला तयार होईनात. त्या वेळी बघू, म्हणत. मला त्यांचं धोरण कळत होतं. त्यांना बघायचं होतं की अजून एकदा पूर्ण निघतो का. वय झालं तरी पुरुषमाणसाची खोड जात नाही. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, कारण ते पडले असते.

पदवीदानाच्या सकाळची उपासना वर्षातली सगळ्यात मोठी. चॅपल काळ्या झग्यांनी भरलेलं, आईबाप बाकांवर दाटीने बसलेले, ज्यांना जागा नाही ते भिंतीला टेकून. ताई मागच्या बाकावर खांबाशेजारी होती. शेवटचं गीत झालं. ऑर्गन थांबला. चौघांनी सूर धरला. तो पूर्वीसारखाच पायाखालून आला आणि पाळकसाहेबांनी हात वर केले. त्यांचा चेहरा मला दिसत होता. इतक्या दिवसांची कसर काढायची ठरवून ते आले होते.

प्रवासी झाले. आजारी झाले. परीक्षा देणारे झाले, परीक्षा घेणारे झाले. मी माझी मान खाली घातली नव्हती. भावोजींचा चेहरा तांबडा झाला. पाळकसाहेब विभागांवर आले. भावोजींचे हात गुडघ्यांवर घट्ट बसले होते. कलमसाहेब समोर पाहत सूर धरून होते, पण त्यांचा उजवा दंड स्टुलाच्या अगदी जवळ होता. वाट बघत होता. राखाडी रंग यायला लागला. मी मनात म्हटलं, लावा ना. देवाला म्हटलं की भावोजींना, मला माहीत नाही.

भावोजींचं कोपर हललं. इतकंसं. कलमसाहेबांच्या दंडाला टेकलं आणि तिथंच राहिलं.

कलमसाहेबांची मान ताठ झाली. पलीकडे फोरमन छाती भरून उभे राहिले. भावोजींनी तोंड उघडलं आणि श्वास घेतला, चोरून नाही, पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा, मोठा. मग आणखी एक घेतला. त्या सगळ्या वेळात सूर जिथल्या तिथं होता. मंडळीतलं एकही डोकं वर झालं नाही. कुलसचिवही गप्प होते. मग भावोजी परत आत आले, आणि पाळकसाहेब वनस्पतिशास्त्रावरून पुढे गेले. शेवटपर्यंत कोपर आणखी पाच-सहा वेळा हललं असेल. त्यांचं एकट्याचं नाही, सगळ्यांचंच.

बाहेर पायऱ्यांवर गर्दीत ताईने विचारलं, "आज सगळं धरलंत ना? मला मागून एकदम नीट आलं."

"नाही," भावोजी म्हणाले. "मी सोडला होता. त्यांनी धरला."

"मला नाही कळलं."

"कोणालाच नाही कळलं." त्यांनी जिन्याचा कठडा धरला आणि उतरायला लागले. या वेळी मधे थांबले तेव्हा बूट बघतोय म्हणाले नाहीत. "दम लागलाय," म्हणाले, आणि आम्ही दोघी थांबलो.

त्या दुपारी मी त्यांच्याकडेच जेवले. टेबलावर भावोजी आणि ताई एका बाजूला, मी समोर. ताईने डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. एका वाक्यानंतर खालून तो सूर आला, पूर्वीपेक्षा बारीक, कडेला जरा खरखरीत. पेले थरथरले नाहीत. ताईचा आवाज सुटला. तिने मुलांसाठी मागितलं, शेजाऱ्यांसाठी मागितलं, कलमसाहेबांसाठी मागितलं, माझ्या जिभेसाठीही काही मागितलं. अन्न थंड होत होतं. मी डोळे उघडेच ठेवले होते, शाळेपासून तेवढी सुधारणा माझ्यात झालेली नाही.

मग भावोजींचं कोपर ताईच्या हाताला लागलं.

ताईने वाक्य अर्धं सोडलं. क्षणभर ती गोंधळली. या घरात तिने कधी तोंडातून सूर काढला नव्हता. मग तिने तोंड मिटलं आणि सूर धरला. अर्थातच चुकीचा. एक घर शेजारचा, डळमळणारा, पण सोडला नाही. भावोजींनी श्वास घेतला, सावकाश, पूर्ण. मग ते परत आत आले. आपल्या सुरावर नाही, तिच्या. तिथं ते दोघं थोडा वेळ थांबले, आणि मग ताईने वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं.